पोत्याच्या दोऱ्याची सहा फडकी

कपाट तुम्ही उघडलंत.

किल्ली नेमकी कोणाच्या हातात होती, कोणी कोणाला पाठवलं, ते तुमचं तुम्ही बघा. पण राबणाऱ्या बाईचं कुलूपबंद कपाट तिच्या माघारी उघडायचं, आतली वस्तू उचलायची, कुलूप पुन्हा जसंच्या तसं लावून ठेवायचं, आणि वर तिलाच कागद धाडायचा की बाई, खुलासा करा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कागदावर शिक्का मारला म्हणून बोंब खरी होत नाही.

बुधवारी सकाळी सहा वाजता टाकेमावशी रुग्णालयाच्या भांडीघरात आली, एप्रन घ्यायला तिने आपलं पत्र्याचं कपाट उघडलं आणि उघड्या दारापुढे तशीच उभी राहिली. एप्रन होता. डबा होता. रबरी बूट होते. मधल्या फळीवरचं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं तेवढं नव्हतं.

"उंदीर असेल," पातेलेवाली बाह्या वर सारत म्हणाली.

"उंदराने जाताना कुलूप लावलं?"

"मग दोन पायांचा असेल. इथे त्यांचा सुकाळ आहे." पातेलेवाली जवळ आली. "काय होतं गं एवढं?"

टाकेमावशीने एप्रन ओढून घेतला आणि कपाट लावलं. बोलली असती तर गंमत गेली असती, आणि ती गंमत तिने पाच महिने जपली होती.

भांडीघरात सात जणी होत्या. कार्यालयाच्या लेखी सातही नुसत्या 'मावशी'. दारातून कोणी "ए मावशी" म्हटलं की सात माना वळायच्या. म्हणून आपापसात त्यांनी नावं पाडून घेतली होती. मोठी पातेली घासते ती पातेलेवाली, पेल्यांवर बसते ती पेलेवाली, सगळ्यांत शेवटी लागली ती धाकटी. आणि ताटल्यांच्या दोन खेपांच्या मधल्या अर्ध्या तासात जिच्या हातात विणायच्या सुया असायच्या, ती टाकेमावशी. सत्तावीस वर्षं ती इथे ताटल्या घासत होती. चारशे खाटांच्या ताटल्या, दिवसातून तीनदा. किती झाल्या ते मोजू नका, मोजणाऱ्याचीच मान मोडेल.

विणायला तिला एका सिस्टरने शिकवलं होतं, फार वर्षांपूर्वी. सुया सिस्टरच्या, दोरा मात्र हिचा. स्वयंपाकघरात पिठाची आणि साखरेची पोती यायची. पोत्याचं तोंड जाड सुती दोऱ्याने शिवलेलं असतं. बरोबर टोक सापडलं तर तो दोरा सर्रकन एका दमात निघतो. चुकीचं टोक ओढलं तर अशी गाठ बसते की सुरीच लागते. आचारी सुरीच चालवायचे आणि दोरा कचऱ्यात टाकायचे. टाकेमावशी कचऱ्याच्या डब्यातून तो वेचायची, सोड्याच्या पाण्यात उकळायची, वाळवायची आणि त्याचे गुंडे करायची. पिठाचा दोरा पांढरा, साखरेच्या दोऱ्यात एक लाल धागा.

त्या दोऱ्याची ती गोल फडकी विणायची. भांडी पुसायची, घासायची फडकी. गोलच का, तर चौकोनी फडक्याला चार कोपरे असतात, एक मोरीच्या जाळीत अडकतो, एक नळात, उरलेले दोन आधी विरतात. गोलाला अडकायला काही नसतंच.

विणायची रीत मोठी मजेची. सुईवर सोळा टाके घालायचे. सोळाही विणून परत फिरायचं. पुढच्या खेपेला पंधराच विणायचे, सोळावा सुईवर तसाच सोडून मागे वळायचं. मग चौदा, मग तेरा. सोडलेल्या टाक्यांची रांग सुईवर वाढत जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, बाई चुकली. असं चारावर आलं की एकाच फेरीत ते सगळे सोडलेले टाके परत विणून घ्यायचे. झाली एक फाक, संत्र्याच्या फोडीसारखी. अशा आठ फाका झाल्या की फडकं आपोआप गोल होतं. पहिली कड शेवटच्या कडेला शिवायची आणि मधलं भोक दोऱ्याने आवळायचं.

"टाका सोडायचा असतो," ती म्हणायची, "विसरायचा नसतो. एक विसरलात तर सगळं फडकं तिरकं."

ही फडकी ती विकायची नाही. द्यायची. पण तिचा एक नेम होता. कोणी हात पुढे केला की आधी विचारायची, "तुमच्या घरी भांडी कोण घासतं?" उत्तर येईल त्याच्या हातात फडकं जायचं. मागणाऱ्या सुनेला "सासूबाई घासतात" म्हणावं लागलं, तर फडकं सासूबाईंना. एका वॉर्डबॉयने छाती पुढे काढून "बायको" सांगितलं, तर ही म्हणाली, "मग तिला पाठव. तू कशाला आलास?"

पाच महिन्यांपूर्वी भांडीघराच्या भिंतीवर कागद लागला. भांडी धुण्याचं यंत्र येणार. ते आलं की त्या महिनाअखेर 'सदर सात कर्मचाऱ्यांची आवश्यकता राहणार नाही'. पातेलेवालीने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मोजलं आपल्याला. कशासाठी, तर घालवण्यासाठी."

त्याच दिवशी टाकेमावशीने सोळा टाके घातले. सहा जणी, सहा फडकी. पातेलेवालीचं मोठं, तळहाताबाहेर येईल एवढं. पेलेवालीचं छोटं, पेल्यात हात घालून फिरवता येईल असं. धाकटीच्या फडक्याची आठवी फाक लाल धाग्याची, कारण धाकटीला लाल आवडायचं आणि भांडीघरात लाल असं काही नव्हतंच. शेवटच्या दिवशी, एप्रन परत करताना, एकेकीच्या हातात द्यायचं ठरलं होतं. सत्तावीस वर्षांच्या कामाचा निरोप दुसरं कोणी देणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. निदान आपण एकमेकींना द्यावा.

ते पुडकं गेलं होतं.

आठ वाजता भांडारातला कारकून साबणाचे डबे घेऊन आला. कपाटांच्या जादा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला असायचा.

"माझं कपाट कोणी उघडलं?" टाकेमावशीने सरळ विचारलं.

कारकुनाने डबे खाली ठेवायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. "मला काय विचारता मावशी? काल संध्याकाळी व्यवस्थापकबाईंनी जुडगा मागून घेतला. मी दिला. त्यांना नाही म्हणू?"

"कशाला हवा होता त्यांना?"

"आज यंत्राचं उद्घाटन ना. पाहुण्यांना द्यायला काहीतरी हाताने केलेलं हवं होतं. तुमचं विणकाम त्यांनी परवा पाहिलं, फोटोही काढला..." त्याने मान खाजवली. "उलट खूश व्हा की. मोठ्या लोकांच्या घरी जाणार तुमची वस्तू."

"आयत्या बिळावर नागोबा," पातेलेवाली म्हणाली. "जा तू. साबण ठेव आणि जा. नाहीतर तुलाच घासून काढीन."

मग टाकेमावशीने पाच महिन्यांची गंमत सहा जणींना सांगून टाकली. दुसरा इलाज राहिला नव्हता. धाकटी हिरमुसून म्हणाली, "माझंही होतं, मावशी?"

"तुझं लाल फाकेचं."

धाकटीने डोळे पुसले आणि कोणाला दिसू नये म्हणून जोरात नळ सोडला.

अकरा वाजता भोजनगृहात समारंभ. पलीकडे भांडीघराच्या उघड्या दारातून दिसेल असं यंत्र बसवलं होतं, त्याला फीत. अलीकडे सहा खुर्च्या. संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या पत्नी, मोठे डॉक्टर, वरच्या कार्यालयातून आलेले एक साहेब, यंत्र कंपनीचा टाय घातलेला माणूस, आणि अगदी कडेला एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी बायकोच्या स्मरणार्थ यंत्र देणगी दिलं होतं. सात जणींना धुतलेले एप्रन घालून मागच्या भिंतीशी रांगेत उभं केलं होतं. फोटोत 'आपला कर्मचारी वर्ग' दिसायला हवा होता. दोन दिवसांनी घालवायचा होता तोच वर्ग.

व्यवस्थापकबाई छान बोलल्या. स्वच्छतेचं नवं पर्व म्हणाल्या, माणुसकीचा स्पर्श म्हणाल्या. मग प्रत्येकाच्या हातात रेशमी फितीने बांधलेलं पुडकं दिलं. वर चिठ्ठी: 'हस्तनिर्मित. संस्थेतर्फे सप्रेम भेट.'

संस्थेतर्फे! संस्थेने एक टाका तरी घातला होता का?

पुडकी सुटली. हे काय असावं, कोणालाच कळेना. अध्यक्षांनी फडकं टेबलावर पसरून त्यावर पाण्याचा पेला ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी नातवाची टोपी समजून ते मुठीवर चढवून पाहिलं. अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, "किती गोड! मी तर फ्रेम करून भिंतीवर लावीन."

फडकं भिंतीवर! टाकेमावशीचे पाय आपोआप चालू लागले. रांगेतून बाहेर, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, थेट पुढे.

"मावशी," व्यवस्थापकबाई हसऱ्या तोंडाने, दातांतल्या दातांत म्हणाल्या, "नंतर बोलू हं आपण."

"नंतर मी नसणार बाई. परवा शेवटचा दिवस आहे." ती अध्यक्षांसमोर उभी राहिली. "साहेब, एक विचारू? तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

अध्यक्ष गोंधळले. "भांडी? बाई आहे ना कामाला."

"नाव काय तिचं?"

अध्यक्षांनी पत्नीकडे पाहिलं. पत्नीने छताकडे.

टाकेमावशीने पेला उचलला, फडक्याने त्याचं बूड पुसलं, पेला टेबलावर नीट ठेवला आणि फडकं एप्रनच्या खिशात घातलं. "हे पातेलेवालीचं आहे. ती बघा, मागे उभी आहे ती."

ती पुढे सरकली. अध्यक्षांच्या पत्नींनी न विचारताच फडकं पुढे केलं, जणू ते चावणार होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे," आणि मुठीवरची टोपी उतरवली. वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी "हा काय प्रकार आहे?" असं व्यवस्थापकबाईंना विचारलं, फडकं त्यांनीही दिलं. यंत्र कंपनीचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे यंत्र आहे."

"मग तुम्हाला फडक्याची काय गरज?"

मागून पातेलेवालीचं हसू फुटलं, आणि तिने ते आवरायचे काहीही कष्ट घेतले नाहीत.

पाच फडकी खिशात गेली. कडेच्या म्हाताऱ्या गृहस्थांपाशी ती आली आणि तोंड उघडण्याआधीच तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. फडकं त्यांनी मांडीवर नीट पसरलं होतं. लाल फाक वरच्या बाजूला. बोटांच्या बेचक्यांत कातडी फुटली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. असे हात तिने सत्तावीस वर्षं रोज पाहिले होते. सात जोड.

"भांडी तुम्ही घासता," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"मीच," गृहस्थ म्हणाले. "ती गेल्यापासून. आठ महिने झाले. दोन ताटल्या, एक पातेलं, एक कप. पण कपातले चहाचे डाग काही निघत नाहीत हो. ती असताना कधी विचारलंच नाही तिला, कसे काढतेस म्हणून."

"खायचा सोडा घ्या. ओलं बोट त्यात बुडवायचं आणि हलक्या हाताने फिरवायचं. जोर लावायचा नाही."

"जोर लावायचा नाही," त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं. मग खालच्या आवाजात, पण शांत भोजनगृहात सगळ्यांना ऐकू गेलं, "तिला शेवटी इथेच ठेवलं होतं. तुमच्या कामाचा आवाज तिच्या खोलीत यायचा. म्हणायची, या बायकांच्या हातांना आराम पडेल असं काहीतरी कर. म्हणून हे यंत्र. यांनी मला सांगितलं, तुम्हाला हलकं काम देणार आहेत. पडेल ना आता आराम?"

"पडेल की," मागून पातेलेवाली ओरडली. "परवापासून कायमचा! सातही जणींना घरी पाठवतायत!"

म्हातारे गृहस्थ हळूहळू व्यवस्थापकबाईंकडे वळले. बाई हातातल्या कागदांत काहीतरी शोधू लागल्या. अध्यक्ष घड्याळ बघू लागले.

"मला हे कोणी सांगितलं नव्हतं," गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी मांडीवरचं फडकं उचलून दोन्ही हातांनी पुढे केलं. "घ्या. हे तुमच्यापैकी कोणाचं तरी असेल."

टाकेमावशीने मागे वळून धाकटीकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही, नुसतं पाहिलं. धाकटीने ओठ चावला. लाल फाक एवढ्या लांबूनही दिसत होती.

"द्या त्यांना, मावशी," ती म्हणाली. "ते घासतात."

वस्तू ज्याची असेल त्याला विचारायचं असतं. एवढंच असतं ते. त्याला जुडगा लागत नाही.

फीत कापली का, कोणी कापली, हे सात जणींना कळलं नाही. तोवर त्या दुपारच्या ताटल्यांना लागल्या होत्या.

चार वाजता कारकून कागद घेऊन आला. या वेळी त्याने मान वरच केली नाही. धाकटीने मोठ्याने वाचला: 'आपण संस्थेच्या भांडारातील पोत्यांचा दोरा विनापरवानगी वापरून वस्तू तयार केल्या. सदर दोरा संस्थेची मालमत्ता असल्याने सदर वस्तूही संस्थेच्या मालकीच्या ठरतात. त्या आपण मान्यवर अतिथींकडून परत घेऊन संस्थेची प्रतिष्ठा मलिन केली. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

"तीन दिवसांत!" पातेलेवाली म्हणाली. "अगं, नोकरीच दोन दिवसांची उरलीय."

"दोरा त्यांचा?" पेलेवाली म्हणाली. "सत्तावीस वर्षं कचऱ्यात टाकत होते तो?"

"मग कचराही त्यांचा," पातेलेवाली म्हणाली. " परवा जाताना डबा त्यांच्या टेबलावर ओतून जाऊ."

टाकेमावशी हसली नाही. तिने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि हातातली ताटली पूर्ण केली.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, यंत्राने ताटल्या धुतल्या. छान धुतल्या, खोटं कशाला बोला. पण सकाळी आचाऱ्याने दुधाचं पातेलं करपवलं, आणि करपलेलं दूध यंत्राने निघेना. दोनदा आत घालून झालं, दोनदा तसंच बाहेर आलं. शेवटी व्यवस्थापकबाईंचा निरोप आला: मावशींना सांगा. पातेलेवाली म्हणाली, "सांगा त्यांना, आराम करतेय." आणि तरीही तिने ते घासलं. उद्या त्यातलंच दूध कोणातरी आजाऱ्याच्या ओठाला लागणार होतं. त्याचा काय दोष?

चार वाजता एप्रन परत करायची रांग लागली. टाकेमावशीने पाच जणींच्या हातात पाच फडकी दिली. पातेलेवालीने आपलं नाकाला लावलं आणि म्हणाली, "अध्यक्षांच्या पेल्याचा वास येतोय. घरी जाऊन आधी उकळते." मग तिने टाकेमावशीच्या पाठीत एक गुद्दा घातला.

धाकटीचं राहिलं होतं. टाकेमावशी यंत्राशेजारी स्टूल ओढून बसली, उरलेला लाल धाग्याचा गुंडा काढला आणि सोळा टाके घातले. लपूनछपून नाही, दाराकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. व्यवस्थापकबाई एकदा दारापर्यंत आल्या, सुया पाहिल्या, आणि फोनवर बोलत परत गेल्या. या वेळी फोटो काढला नाही.

साडेपाचला पहारेकरी म्हणाला, "मावशी, आता दार बंद करायचंय. मला सांगितलंय."

सात फाका झाल्या होत्या. आठवी राहिली होती.

तिने सुया धाकटीच्या हातात दिल्या, टाक्यांसकट. "ही तू विण. सोळा, मग पंधरा. चारावर आलीस की सोडलेले सगळे परत घे."

"सुया, मावशी? तुमच्या सुया..."

"घरी दुसऱ्या आहेत," टाकेमावशी म्हणाली. नव्हत्या.

जाताना ती कार्यालयाच्या खिडकीशी थांबली. खुलासा मागितला होता. ती कोणाचं काही बाकी ठेवणाऱ्यातली नव्हती. त्याच कागदाच्या पाठीवर, सातवीपर्यंत शिकलेल्या मोठ्या गोल अक्षरात तिने एक ओळ लिहिली होती. कारकुनाने ती वाचली आणि म्हणाला, "मावशी, याची पोच मला देता येणार नाही."

"नको देऊस. उत्तर द्या."

तिला तुम्ही तीन दिवस दिले होते. तुम्हाला आता दोन महिने होऊन गेले. यंत्र चालू आहे, आणि करपलेली पातेली घासायला तुम्ही बाहेरून बाई बोलावता, तिलाही मावशीच म्हणता, हे आम्हाला कळतं. ती ओळ तुमच्याच टेबलावर, तुमच्याच कागदाच्या पाठीवर पडून आहे. कागद उलटा करा, वाचा, आणि लेखी खुलासा करा:

माझं कपाट कोणी उघडलं?